झालं माझं बीए

रविवारी कॉलेजचं फाटक उघडणं हे माझं काम कसं झालं, ते आता हसून सांगता येतं. मी ब्रह्मपुरीत राज्यशास्त्र शिकवायला लागले तेव्हा तासिका तत्त्वावर होते, वयाने सगळ्यांत लहान होते, आणि मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र कुणालाच नको होतं. रविवार जातो म्हणून. प्राचार्यांनी मला बोलावलं, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तुमचं अजून लग्न व्हायचंय. तुम्हाला काय रविवार अन् काय सोमवार!" मी किल्ल्या उचलल्या. पुढची बरीच वर्षं, लग्न झाल्यावरसुद्धा, माझे रविवार त्या फाटकापाशीच सुरू झाले.

आता मी चंद्रपूरला असते. रविवारी उशिरापर्यंत झोपायची मुभा आहे, तरी जाग लवकरच येते. आणि आठवतात ती फाटकाबाहेर माझ्या आधीच येऊन उभी असलेली माणसं. कुणी एसटीत कंडक्टर, कुणी अंगणवाडीत मदतनीस, कुणी वनखात्यात चौकीदार. प्रत्येकाचं कॉलेज कुठेतरी मध्येच सुटलेलं. कुणाचं लग्नात, कुणाचं वडिलांच्या आजारपणात, कुणाचं नुसतं घरापासून बसस्टॉप लांब होता म्हणून. पहिल्या भेटीत सगळे एकच विचारायचे, "मॅडम, आता जमते का जी?" मी म्हणायचे, "जमते." पहिल्या वर्षी हे मी अंदाजाने म्हणत होते. नंतर खात्रीने म्हणायला लागले.

त्या सगळ्यांमधली एक सासरे-सुनेची जोडी मला सर्वांत जास्त आठवते.

नागभीडच्या रस्त्यावर, जंगलाला लागून त्यांचं गाव. सून विशीतली, सडपातळ, बोलायला धीट. बीएचं पहिलं वर्ष पास झाल्यावर तिचं लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. नवरा कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात, सुट्टी मिळाली की घरी यायचा. एक लहान मुलगी होती, ती रविवारी सासूपाशी राहायची. आणि सुनेला लुनावर मागे बसवून घेऊन यायचे ते तिचे सासरे. साठी ओलांडलेले, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खिशाला पेन. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हात जोडले.

"मॅडम, हिचं एक वर्ष झालं आहे. दुसऱ्यापासून घेता येते का, पाहा."

"येईल. पण दर रविवारी यावं लागेल."

"मी आणीन तिले. त्याची काळजी तुमी करू नका."

आणि ते आणत राहिले. वर्ग चालू असताना बाहेर चिंचेखाली बसायचे. मांडीवर सुनेचंच एखादं पुस्तक उघडलेलं असायचं. चारच्या ठोक्याला मी वर्ग सोडायचे, कारण त्या रस्त्याला संध्याकाळ व्हायच्या आत घर गाठावं लागतं. वाघाला आमचं वेळापत्रक ठाऊक नसतं. नागभीडकडची सगळी मंडळी एकदमच निघायची. पुढे काळीपिवळी जीप, मागे दोन-तीन मोटारसायकली, आणि शेवटी फटफट करत ती लुना. ती गेली की कॉलेजचं आवार एकदम मोकळं वाटायचं.

उन्हाळा लागला तसं मी त्यांना आत बोलावलं. "भाऊ, पंखा आहे, आत बसा." ते शेवटच्या बाकावर बसायला लागले. आधी गप्प असायचे. मग एकदा पंचायत राज शिकवत असताना मी विचारलं, ग्रामसभेला कोरम नसला तर काय होतं? पुस्तकातलं उत्तर कुणी द्यायच्या आत शेवटच्या बाकावरून आवाज आला, "काही नाई होत. चहा पिऊन सारे घरी जातेत." वर्ग खो खो हसला. तेव्हापासून ते वर्गाचेच झाले. त्यांच्या शेजारच्या गावचा कंडक्टर मला कौतुकाने म्हणाला, "मॅडम, हे आमच्या भागातले पहिले बीए आहेत जी. सारे त्यायले बीएभाऊच म्हणतेत. नोकरी नाई केली, शेतीच केली."

मला ते फार आवडलं. पुढच्या रविवारी इतिहास शिकवणारे सर आले नाहीत, तेव्हा मी सरळ त्यांना म्हटलं, "भाऊ, आजचा तास तुम्ही घ्या ना. तुम्ही तर बीए आहात."

त्यांचा चेहरा उतरला. "नाई जी. मी नाई." एवढंच म्हणून ते उठले आणि बाहेर गेले.

त्यानंतर ते आत येईनात. ऊन वाढत होतं, पण ते चिंचेखालीच. सून म्हणाली, "मॅडम, मामाजी घरीपण बोलून नाई राह्यले. तुमी काही म्हटलं का जी?" मला चुटपुट लागली. मधल्या सुट्टीत मी चहाचे दोन कप घेऊन त्यांच्यापाशी गेले. त्यांनी कप घेतला आणि न पिताच पायाशी ठेवला. मग म्हणाले,

"मॅडम, मी बीए नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे नाई. इंग्रजीत राह्यलो. पुन्हा पेपर देला, पुन्हा राह्यलो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. याच ब्रह्मपुरीत खोली करून ते शिकत होते. शेवटच्या वर्षाच्या इंग्रजीत दुसऱ्यांदा नापास झाले, तेव्हा वळकटी बांधून बसस्टँडवर येऊन उभे राहिले. तिथे गावचा एक माणूस भेटला, बाजाराला आलेला. त्याने विचारलं, "काऊन रे, सामान घेऊन निंगाला?" हे म्हणाले, "झालं काका माझं बीए."

"मले म्हणाचं होतं, संपलं. आटोपलं. तो समजला, पास झालो."

तो माणूस मिळेल त्या गाडीने गावी पोचला. यांची लाजेने पावलं उचलेनात. ते एका मित्राकडे थांबून दुसऱ्या दिवशी गेले. गावात शिरले तर पोरं पुढे धावत आली. वडिलांनी घरोघर बत्तासे वाटले होते. जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबून दोन एकर जोडलेला, अंगठा उठवणारा तो माणूस नवा सदरा घालून अंगणात उभा होता. मुलगा दिसला तसा तो पुढे आला. त्याने फक्त मुलाच्या डोक्यावरची वळकटी स्वतःच्या डोक्यावर घेतली.

"त्या वख्ती तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "नाई उघडलं. दुसऱ्या दिवशी सांगीन म्हटलं. मंग तिसऱ्या. मंग लगन जुळलं. सासऱ्यानं बीए जावई म्हणून पोरगी देली. मंग कसं सांगाचं?"

"आणि नोकरी?"

"जवळच्या शाळेत मास्तर पाहिजे होता. लोकं घरी बोलवाले आले. मी म्हटलं, शेती कोण पाहीन? तर लोकायनं मले अजून मोठं केलं. म्हणाले, पाहा, बीए होऊन चिखलात हात घालते. मी मान खाली घालून धानाचा रोवणा करत राह्यलो. लोकायले वाटे, विनय आहे."

हे बोलताना ते किंचित हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी विचारलं, "मग सुनेनं शिकावं हा आग्रह तुमचाच होता?"

"हाव जी. तिचं अर्धं राह्यलेलं मले पाहवत नव्हतं. घरात एक अर्धा पुरे आहे."

मी त्यांच्या जुन्या विद्यापीठात विचारणा केली. त्या काळचा अभ्यासक्रम कधीच बंद झाला होता. राहिलेला एक पेपर देऊन सुटका नव्हती. पुन्हा पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागणार होती. हे मी त्यांना सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "त्याच्यात इंग्रजी आहे का?"

"आहे."

"मंग राहू द्या."

पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही. एका रविवारी घरी जाताना त्यांनी लुना थांबवली. नेमकी जंगलातल्या त्या वळणावर, जिथे वनखात्याची पाटी आहे की वाघाचा येण्याजाण्याचा मार्ग, वाहन थांबवू नये. सुनेने मला हे नंतर हातवारे करून सांगितलं. ती म्हणाली, "मामाजी, इथी नका थांबू. काय सांगाचं ते घरी सांगा." ते म्हणाले, "घरी नाई सांगता येत. आजवर नाई आलं." आणि त्या पाटीखाली, लुना चालूच ठेवून, त्यांनी सुनेला सगळं सांगितलं.

तिने आधी मागेपुढे रस्ता पाहून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे मामाजी, मी तुमच्या आधी बीए होईन?"

"होशीन."

"मंग मले मॅडम म्हणान का?"

दोघंही हसले. मग तिला पाटीची आठवण झाली आणि ती ओरडली, "आता तरी चला बाप्पा!"

सुनेला सांगणं सोपं गेलं. बायकोला सांगितलं त्या दिवसापासून तिने त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. त्याच सुमारास त्यांच्या गावात दहावी-बारावी पास झालेल्या मुलांचा सत्कार ठेवला होता. सरपंचांनी मला पाहुणी म्हणून बोलावलं आणि अध्यक्ष म्हणून अर्थातच बीएभाऊंना. कार्यक्रमाआधी मी त्यांच्या घरी गेले. त्या बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, पाट दिला, आणि पोहे परतत पाठमोऱ्याच विचारलं,

"मॅडम, या वयात पास होतेत का?"

"होतात."

"अन् नापास झाले तर?"

"पुन्हा देता येते."

त्यांनी पोह्यांवर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "माझा बाप मरेपर्यंत साऱ्यायले सांगे, माझा जावई बीए आहे. मीपण सांगितलं. आता पुन्हा घरोघर जाऊन नाई सांगणार मी. ज्यायचं त्यायनं सांगावं." हे त्या जरा मोठ्याने बोलल्या. बाहेर ओसरीवर ते बसले होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

समाजमंदिरापुढे मांडव होता. मुलांना पेन आणि पुष्पगुच्छ देऊन झाले. अध्यक्षीय भाषणाला ते उठले. त्यांनी माइक हातात घेतला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तुमी साऱ्यायनं मले बीए म्हटलं," ते म्हणाले. "मी बीए नाई. नापास झालतो. सांगाची हिंमत नाई झाली. आज या लेकरायले खरं बोलाले सांगाचं, अन् आपण खोटं बसून राह्याचं, हे मले जमून नाई राह्यलं."

मांडवामागे बांधलेल्या बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी ऐकू आली. मला वाटलं, आता कुणीतरी उठून निघून जाईल. पहिल्या रांगेत त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते, त्यांचे बालमित्र. ते काठी टेकत उभे राहिले.

"मंग इतके दिवस तुले बीए काऊन म्हणून राह्यलो आमी?"

"तुमची चूक नाई."

"ते जाऊ दे. आता काय म्हणाचं तुले? जुनी सवय आहे लोकायले."

बीएभाऊंनी माइक पुन्हा तोंडाशी नेला. "मी यंदा पुन्हा कॉलेजात नाव घालून राह्यलो," ते म्हणाले. "तर फर्स्ट इयर म्हणा."

आधी पोरं हसली. मग बाया हसल्या. मग ते बालमित्रच इतके हसले की त्यांना खाली बसवावं लागलं. मी भाऊंच्या बायकोकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. मात्र पुढच्या रविवारी सुनेच्या पिशवीत सासूने भरून दिलेला डबा दोघांचा होता.

गावानेही शब्द पाळला. लहान पोरंसुद्धा त्यांना फर्स्ट इयर भाऊ म्हणायला लागली. आणि मला ज्याची अपेक्षा नव्हती ते पुढच्या वर्षी घडलं. प्रवेश सुरू झाले त्या रविवारी फाटकाबाहेर एक काळीपिवळी उभी राहिली आणि तिच्यातून त्यांच्याच गावची माणसं उतरली. बारावीनंतर शिक्षण सुटलेली एक आशा सेविका, कॉलेज सोडून किराणा दुकान टाकलेला एकजण, नवऱ्याने पाठवलेली एक बाई आणि नवऱ्याशी भांडून आलेली दुसरी. त्या दुसरीला मी विचारलं, कसं ठरवलं? ती म्हणाली, "फर्स्ट इयर भाऊले लाज नाई वाटली भर मांडवात, तर मले कायची वाटीन?"

सून त्याआधीच बीए झाली होती. चांगल्या गुणांनी. घरी आता ती गुरू होती आणि सासरे शिष्य, कारण त्यांचं बाकी सगळं निघालं, पण पहिल्याच वर्षी इंग्रजी पुन्हा राहिलं. तो निकाल ऐकून ते खचले. "ते माझ्या नशिबात नाई," म्हणाले. सुनेने ऐकून घेतलं नाही. मी एकदा दुपारी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती आणि हे समोर खाटेवर पुस्तक घेऊन बसले होते.

"मामाजी, ही जाते. इंग्रजीत म्हणा."

"शी गोज."

"ते सारे जातेत?"

"दे गोज."

"दे गो!"

"कायले? एकटीले 'एस' लागते, अन् साऱ्यायले नाई लागत. हा काय न्याव झाला?"

"मी नाई बनवलं जी इंग्रजी. तुमी पाठ करा."

आतून सासूबाईंचा आवाज आला, "तिचं ऐका. तीनदा आपल्या मनानं करून पाहिलं न तुमी?" त्यांचं बोलणं केव्हा पुन्हा सुरू झालं हे मला कुणी सांगितलं नाही, पण तेव्हा ते पूर्वीसारखं चालू होतं.

पुढच्या परीक्षेत ते इंग्रजीत काठावर पास झाले. त्यानंतर त्यांना कुणी अडवू शकलं नाही. सेकंड इयर झाले, थर्ड इयर झाले. रोवण्याच्या दिवसांत हाताला चिखल तसाच ठेवून बांधावर पुस्तक वाचतात, असं सून सांगायची. एका पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि दोन पेपर बुडाले, ते पुन्हा द्यावे लागले. त्याचं मात्र त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

शेवटचा निकाल मी माझ्या फोनवर पाहिला आणि त्यांना कॉलेजात बोलावून घेतलं. दोघं आले. मी सांगितलं, "भाऊ, पास झालात." सुनेने त्यांच्या हाताला धरून उडीच मारली. त्यांनी मात्र चष्मा काढून खिशात ठेवला. मग वऱ्हांड्यातल्या माठापाशी गेले, पाणी प्याले, आणि परत येऊन पायरीवर बसले. मी त्यांच्याजवळ बसले. न राहवून म्हटलं, "आज तुमचे वडील असायला हवे होते."

ते चिंचेकडे पाहत होते. "बाबाले काय सांगणार होतो, मॅडम?" ते म्हणाले. "त्यायच्यासाठी तर मी कव्हाचाच झालतो."

थोड्या वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि सुनेला म्हणाले, "चाल बाई. तुझी सासू वाट पाहून राह्यली असंन."

त्याच सुमारास मला चंद्रपूरच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली आणि मी ब्रह्मपुरी सोडली. शेवटच्या रविवारी सगळ्यांनी मिळून झुणका-भाकर आणि भात केला होता. किल्ल्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न होता. पुन्हा कुणालाच केंद्र नको होतं. तेव्हा त्या सुनेने मुक्त विद्यापीठातूनच एमए सुरू केलं होतं. मी प्राचार्यांकडे तिचं नाव सुचवलं, केंद्रात सहायक म्हणून. त्यांनी जरा कुरकुर केली आणि मग मान्य केलं.

आता ती स्कूटीवर एकटी येते. चारच्या आत सगळ्यांना वाटेला लावते, असं सांगते. रविवारी सकाळी तिचा फोन येतो, बहुतेक कसल्या तरी अडचणीसाठी. गेल्या रविवारीही आला. मागे माणसांचा गलका ऐकू येत होता. खुर्च्या ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी लहान मूल.

"मॅडम, एक बाई आली आहे जी, तळोधीकडची. दुसरं वर्ष अर्धं सोडलं होतं. आता तिची पोरगीच कॉलेजात आहे. विचारून राह्यली, जमते का म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, जमते. फक्त तिचा जुना कॉलेजचा दाखला हरवला आहे. त्याचं काय करू?"

मी तिला सांगितलं काय करायचं ते. तिने "हाव जी, हाव जी" म्हणत लिहून घेतलं. मग घाईघाईने म्हणाली, "ठेवतो मॅडम, वर्ग भरून राह्यला," आणि फोन ठेवला. मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा टाकायचा राहून गेला होता.